राजवाड्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड, ऑनलाइन मागवलेली प्रत: मजकुराला पाच स्टार, छपाईला दोन

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंड पहिला हार्डकव्हरमध्ये मिळतोय असं दिसलं आणि लगेच ऑर्डर टाकली. विक्रेत्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण अशी पुनर्मुद्रणं विकणारे बरेच आहेत आणि कामाची पद्धत साधारण सारखीच असते, कुठल्यातरी लायब्ररीतल्या जुन्या प्रतीचं स्कॅन घ्यायचं, ऑर्डर आली की छापायचं, चिकटवायचं आणि पाठवून द्यायचं. त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाबद्दल कमी आणि अशा प्रतींबद्दल जास्त आहे असं समजा.

पॅकिंग उत्तम होतं, कोपरे दुमडलेले नव्हते, आठवड्याच्या आत घरी आलं. कागद पांढराशुभ्र, जाड. बाइंडिंग शिवलेलं नाही, नुसतं गोंदाचं आहे, त्यामुळे पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहत नाही, हाताने दाबून धरावं लागतं, आणि आतला समास इतका कमी ठेवलाय की डाव्या पानावर ओळीचं शेवटचं अक्षर आणि उजव्या पानावर पहिलं अक्षर कण्यात जातं. कथा कादंबरी असती तर अंदाजाने वाचून घेतली असती. इथे अंदाज चालत नाही, आणि का चालत नाही ते सांगायलाच एवढं लांबलचक लिहितोय.

ज्यांना हे पुस्तक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १८९८ साली आलेला हा पहिला खंड, पुढे ही मालिका २२ खंडांपर्यंत गेली. यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे पानिपतच्या आधीची दहा वर्षं आणि खुद्द पानिपत. तोपर्यंत आपल्याकडे पानिपत म्हटलं की बखरी, नाहीतर ग्रँट डफ. डफ साहेब साताऱ्याला इंग्रजांचे रेसिडेंट होते, त्यांचा इतिहास १८२६ ला लंडनला छापला, थोड्याच वर्षांत कॅप्टन केपननी त्याचं मराठी करवून घेतलं आणि आपल्या शाळाकॉलेजातली पोरं तेच वाचून मोठी झाली. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या तरुण मुलाने पुण्यात डफच्या चुका दाखवणारा निबंध वाचला, तिथून हे सगळं सुरू झालं असं मी मानतो. मग १८७८ ला 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघालं, विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक, शंकर तुकाराम शाळिग्राम ही मंडळी त्यात होती, आणि सान्यांनी एकेक बखर संपादून छापायला घेतली. नोकऱ्या सांभाळून, वर्गणीदार जमवून दहा-अकरा वर्षं चालवलं त्यांनी ते. आज आपण सभासदाची बखर सहज उघडून बसतो त्यामागे ही मेहनत आहे, आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

राजवाडे याच्या पुढे गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, बखर प्रसंगानंतर कुणीतरी आठवून, ऐकून लिहिलेली असते, आणि त्या दिवशी त्या छावणीत लिहिलेलं अस्सल चिटोरं सापडलं की त्याच्यापुढे अख्खी बखर मागे पडते. म्हणून पत्रं हवीत. आणि पत्रं होती कुठे? सरकारच्या ताब्यातलं पुण्याचं पेशवे दफ्तर अभ्यासकांना मोकळेपणाने बघायला मिळतच नव्हतं (ते नीट उघडलं १९२९ नंतर, तेव्हा गो. स. सरदेसायांनी त्यातून ४५ भाग काढले). उरली सरदारांची, कारकुनांची, उपाध्यायांची खाजगी दफ्तरं, वाड्यांच्या माळ्यावर रुमालात बांधून पडलेली, अर्धी वाळवीने खाल्लेली. त्यात इनाम कमिशनने, म्हणजे इनामांचे कागद तपासणाऱ्या इंग्रज सरकारच्या चौकशीने, लोकांना धाक बसलेला, कागद दाखवला तर जमीन जाईल अशी भीती. अशा घरांच्या पायऱ्या झिजवून, मोडी वाचून, नकला करून हा माणूस छापत गेला. स्वतःकडे पैसा नाही, मागे संस्था नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते १९१० ला, म्हणजे पहिल्या खंडानंतर बारा वर्षांनी.

आता मुद्द्याची गोष्ट. या खंडात नुसती पत्रं नाहीत. मोडी लिपीतलं पत्र बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आणताना मूळ शब्द, मूळ लेखन शक्यतो जसंच्या तसं ठेवलंय, लेखांक दिलाय, तारीख लावलीय, खाली टीप आहे. सगळ्यात किचकट काम तारखेचं. पेशवाईतल्या पत्रात 'छ' लिहून चंद्र म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस असतो, बऱ्याच वेळा वर्ष नसतंच, आणि असलं तर सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत चालणारी अरबी नावांची कालगणना, तोही आकड्यात नाही, अरबी शब्दात. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं की इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, झाले ११६१. हा सन मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. म्हणजे हेच पानिपतचं साल, १७६०-६१. शिवाय पत्र पोचल्यावर कारकून 'पै॥' (पैवस्ती, म्हणजे पोचलं) करून पोचल्याची तारीख टाकायचा, त्यावरून कळतं की छावणीतली बातमी पुण्याला किती दिवसांनी पोचली. कॅलेंडर अ‍ॅप नव्हतं हो तेव्हा, हे सगळं हाताने करायचं, शेकडो पत्रांना.

माझ्या प्रतीत नेमकं हेच मेलंय. स्कॅन काळं-पांढरं करताना कॉन्ट्रास्ट इतका वाढवलाय की बारीक खुणा गेल्या. जुन्या छपाईत अनुस्वार फार, ते टिंब अर्ध्या पानांवर दिसतच नाहीत, त्यामुळे 'घोडी' आली की 'घोडीं' आली, एक की अनेक, कळायला मार्ग नाही. आकड्यांचं तर विचारू नका, १ आणि ९ सारखेच दिसतात. कुणाला वाटेल एवढं काय त्यात, तर हे बघा, १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई जमादिलाखर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पडते. 'छ १ जमादिलाखर' असेल तर पत्र लढाईच्या आधीचं, 'छ ९' असेल तर नंतरचं. एका आकड्याची शेपटी उडाली की पत्र लिहिणारा माणूस सदाशिवरावभाऊंच्या विजयाची वाट बघतोय की सगळं संपल्यावर लिहितोय हेच बदलतं.

टिपांचं अजून वाईट. पानं एका ठराविक साइझला कापलीत, ज्या पानावर टीप लांब आहे तिथे शेवटची ओळ अर्धी कापलेली किंवा गायबच. एका पानावर तर लायब्ररीचा शिक्का बरोबर तारखेवर बसलाय, दुसरी प्रत शोधून तेवढं पान बदलायला हवं होतं. कव्हरवर कुठल्यातरी परदेशी किल्ल्याचा फोटो आहे. तो मी सोडून दिला.

विक्रेत्याला लिहिलं तेव्हा उत्तर आलं की पुस्तक जुनं आहे त्यामुळे असे दोष असणारच. हे मला पटत नाही. १८९८ च्या खिळ्यांची, म्हणजे धातूच्या टाइपाची, छपाई चांगली ठसठशीत असते, मूळ प्रत हातात घेतली तर टिंब न टिंब वाचता येतं. दोष स्कॅन करणाऱ्याचा आणि न तपासता छापणाऱ्याचा आहे. पैसे परत द्यायची तयारी मात्र त्यांनी लगेच दाखवली, ते सांगायला हवं. मी प्रत ठेवून घेतली, कारण प्रस्तावना पूर्ण आहे आणि बऱ्यापैकी वाचता येते.

आणि ती प्रस्तावना कुठल्याही अवस्थेत मिळाली तरी वाचा. राजवाडे त्यात भांडतात, ठणकावून निकाल देतात. भाऊंनी उत्तरेत पेशव्यांची वसुली बघणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा आणि रसदेसाठी पुन्हा पुन्हा लिहिलेली पत्रं या खंडात आहेत, त्यावरून राजवाड्यांनी पानिपतच्या अपयशाचा मोठा ठपका गोविंदपंतांवर ठेवला. मला हा निकाल फार कडक वाटतो. म्हातारा माणूस, डिसेंबर १७६० मध्ये शत्रूच्या मुलखात पडला, आणि अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातून, वसुली करून दिल्लीच्या पलीकडे पोचवणं काय सोपं काम होतं का. पुढच्या अभ्यासकांनीही या निकालावर वाद घातलाच. पण तो वाद घालता आला तो कशाच्या जोरावर, तर राजवाड्यांनीच पत्रं पूर्ण छापून समोर ठेवली म्हणून! स्वतःच्या मताला अडचणीचा मजकूर त्यांनी गाळला नाही. आज व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी तोडून फिरवणाऱ्यांनी हे बघावं असं मनापासून वाटतं.

पहिल्यांदाच अस्सल पत्रं वाचणार असाल तर खरं सांगू का, राजवाड्यांपेक्षा वासुदेवशास्त्री खऱ्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' आधी घ्या. खरे मिरजेला शाळेत संस्कृत शिकवायचे, पटवर्धन सरदारांची दफ्तरं त्यांना बघायला मिळाली आणि १८९७ पासून त्यांनी ती छापायला सुरुवात केली. त्यांची पद्धत वाचकाला सांभाळून घेणारी, पत्रांच्या आधी त्या प्रकरणाची हकीगत सांगतात, कोण कुठे होतं, कशावरून बिनसलं, आणि मग पत्रं. एवढं वाचलं की पत्रातला अर्धवट उल्लेखही कळायला लागतो. राजवाड्यांकडे मात्र तुम्हाला थेट पत्रांत सोडून दिलं जातं, आधी नानासाहेब, भाऊ, दत्ताजी, मल्हारराव ही नावं आणि उत्तरेचा नकाशा डोक्यात पक्का हवा.

तर विकत घ्यायचं का? वाचायला म्हणून, प्रस्तावनेसाठी म्हणून घ्या, किंमत फार नाही. अभ्यासासाठी, कुठे तारीख किंवा रक्कम उद्धृत करायची असेल तर या प्रतीवर अजिबात विसंबू नका, भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जुन्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन मूळ खंडाशी ताडून घ्या. आणि ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याकडे आतल्या पानांचे फोटो मागा, कव्हरचा फोटो काही कामाचा नाही. एक पान लांब टीप असलेलं आणि एक पान आकड्यांची यादी असलेलं, दोन्ही झूम करून बघा, टीप शेवटपर्यंत आहे ना आणि १, ९ वेगळे दिसतात ना. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा. याच मालिकेतले शिवकालीन पत्रांचे खंड कुणी अशाच पुनर्मुद्रणात घेतले असतील तर छपाई कशी आहे ते खाली लिहा, मला पुढचे तेच मागवायचेत.