तान्ह्या पोळ्याला चादरीवर ‘इनरस्पेस’ : लावावा का, कसा लावावा

जो दांतेचा ‘इनरस्पेस’ १९८७चा, लांबी दोन तास. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या लाकडी नंद्यांच्या सणाला, गावात उघड्यावर दाखवायला इंग्रजी सिनेमांत याच्याइतका सोयीचा क्वचितच. जॅक झालेल्या मार्टिन शॉर्टचा निम्मा विनोद तोंडात नसून हातापायांत आहे, त्यामुळे भाषा अडली तरी हसू अडत नाही.

गोष्ट थोडक्यात. टक हा पिणारा, तापट वैमानिक. त्याला यानासकट सूक्ष्म करून सशाला टोचायचं ठरलेलं असतं. मध्येच चोर घुसतात आणि ती सुई जाते जॅकला. जॅक सुपरमार्केटातला नोकर, रोज नवा आजार झाल्याची धास्ती घेणारा, आपल्याकडच्या भाषेत ‘भेकड गडी’. टक त्याच्या डोळ्याच्या नसेला यंत्र जोडतो, म्हणजे जॅक पाहील तेच याला दिसतं. दुसरं कानाशी जोडतो, म्हणजे बोलता येतं. प्राणवायू मोजका आणि पुन्हा मोठं करणारी एक चिप चोरांकडे. एकमेकांच्या समोर न येता दोघांची दोस्ती जमते, ती याच जोडणीवर. ही जोडणी चुकवून पाहिलं तर पुढचं काहीच कळत नाही, म्हणून त्या पाच मिनिटांत समोरच्या पोरांना गप्प बसवा.

आता विज्ञान. मोजमाप लावलं की बरंच ढासळतं. लाल रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती टकला ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाएवढी, म्हणजे ७० सेंटिमीटरची वाटते असं धरलं, तर तो लाखपट लहान झाला. मग त्याच्या डोळ्याची ३ मिलिमीटरची बाहुली उरते ०.०३ मायक्रॉन. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ०.४ ते ०.७ मायक्रॉन. बाहुलीपेक्षा लहर मोठी, तेव्हा टक आंधळाच. वजनाचंही तसंच: यानाचं वजन आहे तेवढंच राहिलं तर सुई कोणाला उचलणार नाही. सिनेमा या दोन्ही गोष्टींना हात लावत नाही, आणि तेच बरं. एक थाप सुरुवातीलाच मारायची आणि पुढे तिचे नियम पाळायचे, हा त्याचा हिशेब. बाहेरच्या हवेचे रेणू इवल्या फुप्फुसाला चालणार नाहीत, ही अडचण मात्र सोबतच्या प्राणवायूमुळे आपोआप टळते.

शेवटाकडे काही माणसं निम्म्या उंचीची होतात, तिथे पोरांना तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी दाखवावा. निम्म्या उंचीच्या नंदीला लाकूड निम्मं लागत नाही, आठवा हिस्सा लागतं. रंग मात्र चौथा हिस्सा. सुतार हे मापानं जाणतो. माणसाचंही तेच: हाडांचा आणि स्नायूंचा आडवा छेद चौथ्या हिश्श्यावर, वजन आठव्यावर, म्हणून लहानगं शरीर स्वतःच्या वजनाच्या मानानं दुप्पट ताकदीचं आणि चपळ. अंगाचा पृष्ठभाग मात्र वजनाच्या मानानं वाढतो, त्यामुळे थंडी लवकर वाजते.

शरीराच्या आतली दृश्यं आजच्या संगणकी चित्रांसमोरही फिकी पडत नाहीत. ती प्रतिकृती बांधून, प्रकाश टाकून केलेली आहेत. १९८८ साली दृश्यपरिणामांचं ऑस्कर त्यांनाच मिळालं. दोष म्हणाल तर खलनायकांचा मामला. पाठलाग लांबतो, दुसऱ्या तासात वीस मिनिटं सहज कापता आली असती. दारूचा विनोदही भरपूर: जॅकनं घोट घेतला की आत टकचीही सोय होते. वर्ध्यासारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात मोठी माणसं यालाच जास्त हसतील. सुरुवातीचा टॉवेलचा प्रसंग शाळेच्या पटांगणात मात्र पुढे पळवून टाळावा.

लावायची तयारी. चित्राची रुंदी उंचीच्या १.८५ पट, म्हणून दहा फूट रुंद चादरीवर साडेपाच फूट उंची पुरते. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, नाहीतर चित्राखालच्या उपशीर्षकांच्या ओळी मागच्यांना दिसत नाहीत. खालच्या शिवणीत बांबू घाला. नुसत्या दोऱ्यांवर चादर पालासारखी फुगते आणि पडद्यावरचं हृदय दोनदा धडकतं. प्रोजेक्टर ३०० वॅट आणि स्पीकर १०० धरले तर दोन तासांचे ८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली तूट धरून हजार. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी नवी आणि पूर्ण चार्ज असेल तर निभते. चार वर्षं जुनी असेल तर वीज गेल्यावर टक पोटात अडकून राहील.

पोळ्याच्या दिवसांत पऱ्हाटीवरची पाखरं उजेडावर तुटून पडतात. भिंगावर एखादा तुडतुडा बसला की पडद्यावर काळा ढग दिसतो. प्रोजेक्टरपासून तीस फुटांवर एक पांढरा बल्ब आणि खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं की बहुतेक पाखरं तिकडे वळतात. कास्तकारांना प्रकाश सापळा नवा नाही.

माइकवर कोणी वऱ्हाडीत सांगत असेल तर एकच पथ्य: टक बोलत असताना गप्प, जॅक घाबरला की मगच बोलायचं. ‘अबे, पोटात मानूस बोलून रायला!’ एवढं एकदा म्हटलं की पुढचा अर्धा तास काही सांगावं लागत नाही.