फीटचा व्हिडिओ सोबत न्या: श्री चित्रा, तिरुवनंतपुरम

माझ्या मिस्टरांना दुसऱ्या वर्षी तापात आकडी आली होती. चौदाव्या वर्षापासून फीट सुरू झाल्या. पडणं नाही, फेस नाही. "पोटातून वर चढतंय," एवढं म्हणायचे, मग नजर थिजायची, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलायचं, उजवा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करायचा आणि डावा वाकडा होऊन ताठ. दीड मिनिटात सगळं संपायचं. पतसंस्थेच्या काउंटरवर झालं की कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल हुंगायला द्यायचं. एका डॉक्टरांकडे नऊ वर्षं गेली. गोळ्या वाढत गेल्या, फीट तेवढ्याच राहिल्या. नीट दिलेल्या दोन औषधांनी फीट थांबत नसतील तर मेंदूच्या ऑपरेशनचा विचार करायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. याचा राग अजून जात नाही.

रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत पोचलो. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही संस्था, स्वतः पदव्या देणारी. फीटची ऑपरेशनं इथे १९९५ पासून होतात, आणि एपिलेप्सीचं, म्हणजे फीटच्या आजाराचं, वेगळं केंद्र १९९८ पासून आहे.

व्हिडिओ ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत चित्रीकरण याबद्दल, सविस्तर लिहिते, कारण भीती त्याचीच होती. डोक्यावर जागा मोजून, पेस्ट लावून तारा चिकटवतात, वर गॉजचा फेटा. कॅमेरा दिवसरात्र चालू. गोळ्या हळूहळू कमी करतात, कारण फीट यायला हवी असते. घरी इतकी वर्षं जी लपवत होतो, तिची इथे सगळे वाट बघत बसलेले! फीट आली, मी बटण दाबलं आणि टेक्निशियन मुलगी धावत आली. ह्यांना तिने पेन दाखवलं, नाव विचारलं, हात वर करायला सांगितलं. तिचं शिक्षणही तिथलंच.

दुसऱ्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांसोबत मोठे डॉक्टर आले. हे शिकाऊ म्हणजे न्यूरॉलॉजी (मेंदू आणि नसांच्या आजारांचं शिक्षण) पूर्ण करून फक्त एपिलेप्सी शिकायला आलेले. एकाने मला विचारलं, "फीट संपल्यावर ते नाक कोणत्या हाताने पुसतात?" मी म्हटलं, उजव्या. लग्नापासून बघतेय, पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, म्हणजे दोष बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूला. माझ्या साध्या बघण्याला कुणीतरी किंमत दिली, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. फीटसाठीचा बारीक कापांचा एमआरआय केला, त्यात उजवा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, आक्रसलेला निघाला. आमचा आधीचा एमआरआय 'नॉर्मल' होता.

ओपीडीत शेजारी एक गरोदर मुलगी बसली होती. फीट असलेल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवून पुढे बाळाची वाढ तपासायची, असं संशोधन इथे १९९८ पासून चालू आहे. माझ्या भाचीला फीट आहेत आणि तिचं लग्न ठरतंय, म्हणून मी कान देऊन ऐकलं. फीटवरची व्हॅलप्रोएटसारखी गोळी बाळाला बाधू शकते, तेव्हा बदल आधीच डॉक्टरांकडून करून घ्यायचा. दिवस गेले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. भाचीला त्याच रात्री फोन केला.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. दहातल्या सहा-सात जणांच्या फीट थांबतात, सगळ्यांच्या नाही. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं थोडं दिसेनासं होऊ शकतं. तसं झालंही, फळीवरचा डबा काढताना हे मान वळवतात. ऑपरेशननंतरच्या दीड वर्षात पोटातून चढणारं ते दोनदा आलं, पण तिथेच थांबलं. एक गोळी बंद झाली, दोन चालू आहेत.

लांबचा प्रवास आणि मल्याळम न येणं, एवढाच त्रास. मोडक्या हिंदी-इंग्रजीवर निभावतं. जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. आजवरच्या गोळ्यांची नावं आणि डोस, फीटच्या तारखांची वही, आणि मोबाईलवर काढलेला एक तरी व्हिडिओ. चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा काढा, आणि फीट संपली की लगेच बंद करू नका.