५ गीगाहर्ट्झ मधेच गायब होतं? रीस्टार्ट करायच्या आधी लॉग बघा (एएक्स ३००० राउटर, सहा-सात महिने वापरल्यावर)

एएक्स ३००० ड्युअल बँड राउटर (म्हणजे वाय-फायचे दोन पट्टे, वेगवान ५ गीगाहर्ट्झ आणि त्याहून हळू २.४) घेऊन सहा-सात महिने झाले. स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत त्यामुळे परत लिहीत नाही, रेंज चांगली, फार गरम होत नाही, ॲप ठीकठाक. लिहायला बसले ते एकाच गोष्टीसाठी, चालू मीटिंगमध्ये ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क गायब होणं. स्लो होणं नाही, गायबच.

सुरुवातीला हे लक्षातच येत नाही, कारण कंपनी स्मार्ट कनेक्ट ऑन करूनच देते, म्हणजे दोन्ही बँडचं नाव एकच. ५ गेलं की फोन गुपचूप २.४ वर जातो, आपल्याला वाटतं आज नेट स्लो आहे, मग इंटरनेटवाल्याला फोन, तो म्हणतो आमच्याकडून लाइन क्लिअर आहे. आणि खरंच क्लिअर असते. लॅपटॉपला लॅन केबल लावली तर स्पीड पूर्ण मिळत होता. ही टेस्ट कुणीही सगळ्यात आधी करावी, केबलवर नीट चालतंय म्हणजे भानगड घरातल्या वाय-फायची आहे. फक्त केबल धड हवी, आतली एखादी तार तुटलेली असली की पोर्ट १००० ऐवजी १०० वर लिंक होतो आणि आपण भलतंच काहीतरी शोधत बसतो. मग मी स्मार्ट कनेक्ट बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं दिली तेव्हा कुठे खरा प्रकार दिसला: लिस्टमधून ५ वालं नाव मिनिटभर नाहीसं, मग आपोआप हजर.

आता कस्टमर केअर. दर वेळी पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, राउटर एकदा रीस्टार्ट करा." केलं की थोडा वेळ चालतं, तक्रार बंद, परत तेच. फॅक्टरी रिसेट करून झालं, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं, शेवटी भांडून पीस बदलून घेतला आणि नव्या पीसनेही तंतोतंत तेच केलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की या राउटरचा सिस्टम लॉग, म्हणजे काय कधी घडलं याची तो स्वतः ठेवतो ती नोंद, रीस्टार्ट केला की पुसला जातो (घरगुती राउटरमध्ये बहुतेक वेळा असंच असतं, लॉग रॅममध्ये राहतो). म्हणजे नेमकं काय बिघडलं हे जिथे लिहिलेलं असतं तेच ते पहिल्या मिनिटाला पुसायला लावतात, आणि इतक्या जणांशी बोलले पण एकानेही लॉग पाठवा म्हटलं नाही.

शेवटी एकदा नेटवर्क गेलं तेव्हा रीस्टार्ट केलंच नाही. लॉग ॲपमध्ये नाहीच, ब्राउझरमधून राउटरच्या पेजवर जाऊन ॲडव्हान्स्डच्या आत शोधावा लागतो. तिथे मीटिंग तुटली त्याच वेळेची ओळ होती, चॅनेल (बँडचा नंबर दिलेला छोटा भाग) ५२ वर रडार डिटेक्टेड, आणि खाली चॅनेल १०० वर स्विच. मागे स्क्रोल केलं तर अशाच जोड्या अजून.

तर प्रकार असा आहे. ५ गीगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ च्या दरम्यानचे चॅनेल बऱ्याच देशांत हवामानाच्या आणि इतर रडारसोबत वाटून घेतलेले आहेत आणि रडारचा हक्क पहिला. या नियमाला डीएफएस म्हणतात. अशा चॅनेलवर सुरू होण्याआधी राउटरने निदान ६० सेकंद नुसतं ऐकत थांबायचं, चालू असताना रडार जाणवलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा, आणि पुढचा अर्धा तास तिथे परत फिरकायचं नाही. कधीकधी रडार नसतानाही राउटरला भास होतो तो वेगळाच. माझा राउटर एका डीएफएस चॅनेलवरून उठून दुसऱ्या डीएफएस चॅनेलवरच जात होता, म्हणून परत ते ६० सेकंद, म्हणून ते मिनिटभर गायब होणं. लॉग बघायचा कंटाळा असेल तर राउटर चालू करताना बघा, २.४ चं नाव लगेच आलं आणि ५ चं मिनिटभर मागाहून आलं तर तुम्हीही बहुतेक याच चॅनेलवर आहात.

आणि राउटर तिकडे जातोच का, तर खोक्यावरच्या आकड्यापायी. ३००० म्हणजे २.४ चे ५७४ आणि ५ चे २४०२ एमबीपीएस (कागदावरचा स्पीड) यांची बेरीज, गोल करून, आणि २४०२ साठी चॅनेलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ लागते. ३६ पासून सुरू केली तरी ती पट्टी ६४ पर्यंत जाते, म्हणजे अर्धी डीएफएसमध्येच. मी रुंदी ८० केली, चॅनेल ऑटोवरून काढून ३६ वर फिक्स केला. तेव्हापासून एकदाही गायब नाही.

आधी फार चिडले होते की पैसे २४०२ चे मोजले आणि मिळतायत १२०१. पण नंतर केबलने जोडलेल्या पीसीवर मोठ्या फाइल कॉपी करून बघितल्या, आधीच्या आणि आताच्या वेळेत फरक जाणवलाच नाही. जाणवणार कसा, राउटरचे सगळे पोर्ट १ गीगाबिटचे, त्यातून प्रत्यक्षात ९४० च्या आसपासच जातं. म्हणजे २४०२ हा आकडा इंटरनेटपर्यंत पोचतच नाही! त्यामुळे आता माझं मत असं की पोर्ट २.५ गीगाबिटचा नसेल तर १६० साठी जास्त पैसे घालू नका, एएक्स १८०० म्हणजे ५७४ अधिक १२०१, घरच्या कामाला तेवढंच मिळतं. एक मात्र खरं, ३६ ते ४८ वर शेजारपाजारचे सगळेच असतात आणि डीएफएसवाले चॅनेल त्या मानाने रिकामे असतात, तुमच्या भागात रडारचा त्रास नसेल तर ते उलट चांगले चालतील, लॉग स्वच्छ असेल तर हात लावू नका.

२.४ बद्दल थोडक्यात. रुंदी २० ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो. आणि राउटरच्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क लावली असेल तर काढून बघा. माझ्याकडे बॅकअप सुरू झाला की प्रिंटर ऑफलाइन जायचा. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट (कानाला ऐकू येणारा नाही) नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. सेटिंगमध्ये पोर्ट यूएसबी २ मोडवर टाकला, कॉपी हळू होते पण प्रिंटर जागेवर राहतो.

हार्डवेअरबद्दल तक्रार नाही, राउटर ठेवणार आहे. पण १६० डिफॉल्ट ऑन ठेवायचं आणि त्याने काय होतं हे ना मॅन्युअलमध्ये लिहायचं ना कस्टमर केअरला शिकवायचं, याचे मार्क कापणारच. पाचपैकी तीन. लॉग ॲपमध्ये आणला आणि रीस्टार्टनंतरही टिकवला तर चार करीन.