आखाडा, कराटे, ज्युदो: वर्ग वेगळे ठेवावेत की एकत्र चालवावेत?

गावात मारुतीच्या देवळामागं आखाडा आहे. शाळेच्या पटांगणावर कराटेचा वर्ग भरतो. एखादा ज्युदो शिकून आलेला पोरगाही गावात असतो. या तिघांनी एकत्र यायचं ठरवलं, तर नेमकं कसं यावं? यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या आमच्या गावात आम्ही तिघांनी तीनही पद्धती करून पाहिल्या. उस्ताद कुस्तीचे, सर कराटेचे, मी ज्युदोचा. तुमच्या गावात हा विचार चालू असेल, तर आमचा अनुभव कामी पडेल.

पहिली पद्धत सगळीकडे चालते ती: ज्याचा त्याचा वर्ग वेगळा. ती वाईट नाही. पोराच्या अंगात एकच पवित्रा मुरतो, आणि स्पर्धेत तेच लागतं. अडचण येते दिवाळीच्या आगेमागे. सोयाबीन काढणीला येतं, मग कापूस वेचणी सुरू होते आणि पोरं वावरात जातात. आखाड्यात चार, कराटेत सहा, माझ्याकडे तीन उरतात. तीन पोरांत वजनाची जोड कुठून लावणार? चाळीस किलोच्या पोराला महिनाभर पंचावन्न किलोवाल्यासोबत खेळवलं, तर तो डाव शिकत नाही, नुसता मागं सरायला शिकतो.

म्हणून आम्ही दुसरी पद्धत धरली: एकच वर्ग, सगळ्यांना सगळं. समाजमंदिरात सरांच्या मॅट टाकल्या. कल्पना चांगली वाटत होती, पालकही खूश होते. तिसऱ्या आठवड्यात सातवीतला एक पोरगा धोबीपछाडीवर गेला. खाली होती दोन सेंटीमीटरची फोमची मॅट. ती पायाखाली ठीक असते, पण फेकायला नाही. ज्युदोची मॅट 4 ते 5 सेंटीमीटरची, दाबून भरलेली असते आणि आखाड्याची माती तर रोज खोदून भुसभुशीत केलेली असते. पोरानं पडताना हात टेकला आणि हासळीचं हाड मोडलं. त्याला पडायला शिकवायच्या आधी मी फेकायला परवानगी दिली होती. ती चूक माझी होती. त्याच्या आईसमोर उभं राहिलो तो दिवस मी विसरलेलो नाही.

हाड जुळलं, पण या पद्धतीत दुसरंही एक मोडत होतं. प्रत्येक खेळाचे नियम पोराच्या अंगात वेगळी सवय घालतात. कुस्तीत पट काढणं, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडणं, हा पहिला धडा. ज्युदोच्या स्पर्धेत 2013 पासून उभ्या लढतीत पायाला हात घातला की शिक्षा बसते. कराटेच्या पॉइंट कुमितेत, म्हणजे गुणांच्या लढतीत, ठोसा अंगाजवळ आवरता आला पाहिजे, जोरात लागला तर पंच तुम्हालाच दंड देतात. तायक्वांदोत उलट, लाथ जोरात बसल्याशिवाय छातीच्या संरक्षकावर गुण नोंदत नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला हे सगळं एकाच तासात दिलं, तर तालुक्याच्या स्पर्धेत तो ऐनवेळी अडखळतो. आमची दोन पोरं अशीच अडखळली.

आता तिसरी पद्धत. आम्ही आज तीच चालवतो आणि माझा कौलही तिलाच आहे. जागा एक, बॅच वेगळ्या, आणि आठवड्यातून एक दिवस फक्त शिक्षकांचा सराव. त्या दिवशी पोरं नसतात.

पहिला रविवार आखाड्यात होता, पहाटे साडेपाचला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, दगडासारखी होते, म्हणून उस्तादांनी लाल माती बाहेरून आणलेली. चाळून, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू कालवलेलं. सरांनी आधी मातीला हात लावून कपाळाला लावला. मग लाथ उचलली. ती अर्ध्यावर असतानाच उस्ताद आत होते, सरांची कंबर हातात, आणि सर पाठीवर. उस्ताद म्हणाले, "सर, तुमचा पाय येईपर्यंत मी आत घुसून गेलो रायतो."

पुढच्या रविवारी समाजमंदिर. खडाखडीला, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या हातघाईला, उस्ताद ज्या अंतरावर उभे राहतात, तिथंच सरांची मवाशी-गेरी, म्हणजे गोल फिरणारी लाथ, येते. पाय उस्तादांच्या कानापासून दोन बोटांवर येऊन थांबला. उस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मले दिसलंच नाही. पुन्हा करा बरं." त्या सकाळी त्यांनी ते पंचवीस-तीस वेळा करून घेतलं.

माझं शिकणं तिसऱ्या आठवड्यात झालं. मी काता-गुरुमा दाखवला: गडी खांद्यावर आडवा घ्यायचा आणि टाकायचा. उस्ताद हसले. "हे तं कलाजंग होय." ज्युदोत मांडीला हात घालून उचलण्याचं त्याचं जुनं रूप पायाच्या बंदीमुळं स्पर्धेतून गेलं आहे. उस्तादांकडे ते रोजच्या वापरात आहे. वजन मानेवर न घेता दोन्ही खांद्यांवर कसं पसरायचं, हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. उस्तादांनी माझं डोकं हातानं सरकवून दाखवलं, तेव्हा कळलं.

यात घराण्याचा अपमान होतो असं कोणी म्हणालं, तर त्याला एक गोष्ट सांगा. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये तोक्योला आले, तेव्हा ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदो शाळेत कराटे दाखवायला बोलावलं. कराटेचा पांढरा पोशाख आणि पट्ट्यांची पद्धत ज्युदोवरूनच आली. आणि जपानपर्यंत जायचं कारण नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, त्यांच्या चमूनं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. वेगवेगळ्या विद्या एका आवारात नांदणं वऱ्हाडाला नवं नाही.

पोरांमध्ये आम्ही आता दोनच गोष्टी सामायिक ठेवल्या. जोर-बैठका, सपाट्या उस्ताद घेतात. पडण्याचा तास माझा: हनुवटी छातीला, हात टेकायचा नाही, तळहात आणि पूर्ण बाहू जमिनीवर आपटायचा. पहिला महिना फक्त हेच. पंधरा-सोळा वर्षांच्या पुढच्या, एका विद्येत दोन-तीन वर्षं काढलेल्या पोरांनाच दुसऱ्या बॅचमध्ये बसू देतो. कापसाच्या हंगामात जोडीची अडचणही यातूनच सुटली.

मुलींचा विचार करत असाल तर तिसरी पद्धतच घ्या. आमच्याकडे मुली कराटेमुळं आल्या. आखाड्याच्या मातीत त्यांना उतरू द्यायला जुनी मंडळी तयार नव्हती. आता उस्ताद समाजमंदिरात मॅटवर येऊन त्यांना पकड सोडवायला शिकवतात. मनगट धरलं तर सरांचं तंत्र चालतं, पण मागून कंबर धरली तर कुस्तीच लागते. मातीत उतरण्याचा त्यांचा हक्क अजून मिळवायचा आहे, आणि मी तो सोडलेला नाही.

प्रमाणपत्राचं मात्र आधीच बोलून घ्या. ते प्रत्येक खेळाच्या आपापल्या संघटनेचंच हवं. ग्रेस गुणांना आणि नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाला मान्यताप्राप्त स्पर्धेचा कागद लागतो, 'मिश्र वर्गा'चा कागद तिथं चालत नाही. सरांना त्यांच्या एका वरिष्ठानं दुसऱ्या शैलीसोबत दिसाल तर नाव काढू, असं बजावलं होतं. सरांनी लेखी कळवलं की परीक्षा आणि पट्टे पूर्वीसारखेच होतील, रविवार आमचा स्वतःचा आहे. प्रकरण तिथं मिटलं.

पैसा: फी ज्याच्या बॅचची त्याची, मॅटचा खर्च तिघांत. 8 बाय 8 मीटरच्या एका मैदानाला एक मीटरच्या 64 मॅट लागतात. एकदम घेऊ नका, 16 जाड मॅटवर पडण्याचा तास होतो.

मॅट आणण्याआधी मात्र दोन महिने शिक्षकांचे रविवार करा, फोन बाजूला ठेवून. ज्याची जागा त्या दिवशी त्याचा शब्द. कराटेच्या रविवारी आमचे उस्ताद लंगोटावर पायजमा चढवतात, पांढरा पट्टा बांधतात आणि ओळीत सगळ्यात शेवटी उभे राहतात.