टॅकल: तयार घ्यावा की घडवावा?
अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला रांगेच्या टोकाला उभा राहतो तो टॅकल. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या संघाने तो आणायचा कुठून? ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीतला तयार गडी घ्यायचा, की शेवटच्या फेरीतला कच्चा माल?

पहिल्या वाटेचं चोख उदाहरण पेने सूएल. डेट्रॉइट लायन्सने 2021 मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरवलं. डावीकडचा टॅकल जखमी, म्हणून हा तिकडे. तो परतल्यावर उजवीकडे. निभावलं पोराने. पण निवड फसली, तर त्या वर्षीचा हुकमी पत्ता वाया.

दुसरी वाट जॉर्डन मायलाटाची, आणि मला तीच जास्त भावते. हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. फिलाडेल्फिया ईगल्सने 2018 मध्ये त्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, 233व्या क्रमांकावर उचललं. रग्बीत चेंडू घेऊन पुढे घुसायचं. इथे कंबर खाली ठेवून मागे सरकायचं, पायात पाय अडकू द्यायचा नाही आणि समोरच्याच्या छातीवर नेमक्या क्षणी हात टेकवायचे. प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी हे पार मुळाक्षरांपासून गिरवून घेतलं. पहिले दोन हंगाम मायलाटा एकही साखळी सामना खेळला नाही. 2021 मध्ये मात्र डाव्या टॅकलच्या जागेसाठी त्याने आंद्रे डिलार्डला मागे टाकलं. गंमत म्हणजे, डिलार्ड ही ईगल्सचीच 2019 ची पहिल्या फेरीतली निवड!

असा गुरू आणि दोन वर्षं थांबायची तयारी असेल, तरच या वाटेला जावं. क्वार्टरबॅक दर रविवारी आडवा होत असेल, तर सरळ पहिल्या फेरीतच टॅकल घ्यावा.