हिस्टोलिटिका की डिस्पार? प्रयोगशाळेसाठी कोणती तपासणी निवडावी

शौचाच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली चार केंद्रकांची, 10 ते 15 मायक्रॉनची गोल सिस्ट (अमीबाची कवचातली सुप्त अवस्था) दिसली की अनेक रिपोर्टांवर सरळ ‘एन्टामीबा हिस्टोलिटिका’, म्हणजे आतड्यात आजार करणारा अमीबा, असं लिहून टाकलं जातं. हे थांबायला हवं. हुबेहूब तशीच सिस्ट एन्टामीबा डिस्पारची असते, मोशकोव्स्कीची असते आणि 2012 मध्ये वर्णन झालेल्या बांगलादेशी या जातीचीही असते. यांपैकी आतड्याचं अस्तर पोखरून यकृतापर्यंत पोचणारी म्हणून ठामपणे ओळखली जाते ती फक्त हिस्टोलिटिका. डिस्पार आतड्यात मुक्काम करते, पण तिच्यासाठी औषध लागत नाही. नाव चुकलं की रुग्णाला विनाकारण मेट्रोनिडाझोल हे अमीबावरचं औषध गिळावं लागतं आणि त्याच्या जुलाबाचं खरं कारण शोधायचं राहून जातं.

परजीवी-अभ्यासक एमिल ब्रम्प्ट यांनी 1925 मध्येच हिस्टोलिटिका आणि डिस्पार या दोन वेगळ्या जाती असल्याचं मांडलं होतं, पण तेव्हा ते फारसं कुणी मानलं नाही. 1978 मध्ये अमीबातल्या विकरांच्या (एन्झाइमच्या) ठेवणीवरून त्यांच्या म्हणण्याला आधार मिळाला आणि 1993 मध्ये डायमंड व क्लार्क यांनी दोन जाती रीतसर वेगळ्या केल्या. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की नुसती सिस्ट दिसली असेल तर रिपोर्टवर ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असंच लिहावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही, त्यामुळे हा बदल आजच करता येतो.

सूक्ष्मदर्शक

स्वस्त, हाताशी असलेला आणि एका बाबतीत सगळ्यांच्या पुढे. आपण जे शोधत नव्हतो तेही तो दाखवतो: जिआर्डिया, कृमींची अंडी, रक्तपेशी. एन्टामीबा कोलाय आठ केंद्रकांवरून आणि हार्टमनी 10 मायक्रॉनपेक्षा लहान आकारावरून वेगळी काढता येते. वर उल्लेखलेल्या चार जातींच्या सिस्टपुढे मात्र त्याचा इलाज नाही.

ट्रोफोझोइटच्या (अमीबाच्या हालत्या, खात्या अवस्थेच्या) पोटात तांबड्या रक्तपेशी दिसल्या तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो, विशेषतः शौचात रक्त असेल तर. तरीही ती पक्की खूण नव्हे, कारण डिस्पारच्या पोटातही त्या क्वचित सापडतात. शिवाय पातळ शौचातले ट्रोफोझोइट फार लवकर मरतात, म्हणून नमुना अर्ध्या तासात पाहिलेला बरा. एकाच नमुन्यावर विसंबलं तर बरेच संसर्ग निसटतात, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागवावेत. आतड्याच्या दाहात दिसणाऱ्या मॅक्रोफेज या रुग्णाच्याच संरक्षक पेशींना अमीबा समजण्याची चूकही नेहमीची आहे.

अँटिजेन एलायझा आणि पीसीआर

खरी निवड या दोघांत आहे, आणि ती करताना यंत्राच्या आधी नमुन्याचा विचार करावा.

एलायझा (रंग बदलावरून निकाल देणारी तपासणी) किंवा पट्टीवरची जलद तपासणी शौचातलं अमीबाचं प्रथिन, म्हणजे अँटिजेन, पकडते. हिस्टोलिटिकासाठीच्या किट्समध्ये बहुधा तिच्या पृष्ठभागावरचं, आतड्याला चिकटायला मदत करणारं लेक्टिन शोधलं जातं. काही तासांत उत्तर मिळतं आणि फार मोठी सोय लागत नाही. खरेदीपूर्वी मात्र किटसोबतचं माहितीपत्रक नीट वाचा. काही किट्स हिस्टोलिटिका आणि डिस्पार दोन्हींना ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. तसं किट घेतलं तर पैसे खर्चूनही आपण सूक्ष्मदर्शकापाशीच उभे राहतो. दुसरी अट म्हणजे, यातल्या बहुतेक किट्सना ताजा किंवा गोठवलेला नमुना लागतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुना चालत नाही.

पीसीआरची, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणाऱ्या तपासणीची, ताकद वेगळी आहे. अमीबाच्या रायबोसोमच्या जनुकाच्या प्रत्येक पेशीत भरपूर प्रती असतात, त्यामुळे अगदी थोडे जंतूही पकडले जातात. योग्य प्रायमर (हव्या त्या जातीचा डीएनए हेरणारे छोटे तुकडे) निवडले तर हिस्टोलिटिका, डिस्पार आणि मोशकोव्स्की एकाच तपासणीत वेगळ्या होतात. अडचणी सुरुवातीलाच येतात. सिस्टचं कवच चिवट असतं, ते मण्यांनी घुसळून किंवा गोठवून-वितळवून फोडल्याशिवाय डीएनए पुरेसा निघत नाही. शौचातले काही घटक अभिक्रियाच रोखतात, म्हणून प्रत्येक नळीत अंतर्गत नियंत्रण, म्हणजे अभिक्रिया झाली की नाही हे दाखवणारा ठरलेला डीएनए, हवं. ते नसेल तर ‘निगेटिव्ह’ या शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही. फॉर्मॅलिन इथेही घात करतं. नमुना लांब पाठवायचा असेल तर इथेनॉलमध्ये ठेवावा किंवा गोठवावा.

जुलाबाच्या अनेक जंतूंची एकत्र तपासणी करणाऱ्या तयार पीसीआर पॅनेलमध्ये बहुधा फक्त हिस्टोलिटिका आहे की नाही एवढंच कळतं. सिस्ट दिसली पण पॅनेल निगेटिव्ह आलं, तर डिस्पार किंवा मोशकोव्स्कीची शक्यता मोठी.

माझं मत असं: नमुने रोज थोडे येत असतील, तंत्रज्ञ एक-दोनच असतील, तर हिस्टोलिटिकासाठीचं विशिष्ट अँटिजेन किट घ्या आणि शंकास्पद नमुने पीसीआरसाठी बाहेर पाठवा. पीसीआरसाठी स्वतंत्र खोल्या आणि दूषितीकरणावर रोजची नजर लागते. ते जमणार नसेल तर आपल्याच प्रयोगशाळेत केलेला पीसीआर खोटे पॉझिटिव्ह देईल, आणि ते न तपासण्यापेक्षा वाईट.

अमीबाचं संवर्धन करून (प्रयोगशाळेत वाढवून) विकरांची ठेवण पाहण्याची जुनी पद्धत आता संशोधनापुरती उरली आहे. तिला आठवडे लागतात.

यकृताचा गळू असेल तर

इथे क्रम पार बदलतो. यकृतात गळू झालेल्या बहुतेकांच्या शौचात अमीबा दिसतच नाही, म्हणून रक्तातली अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) तपासणी आधी करावी. हिस्टोलिटिकाने ऊतींवर हल्ला केला की बहुतेक रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. आजाराच्या पहिल्या आठवड्यात मात्र ती निगेटिव्ह असू शकते, तेव्हा संशय कायम असेल तर पुन्हा करा. पू काढलाच तर त्यात अमीबा शोधत बसू नका, तो गळूच्या भिंतीशी असतो. पुवावर अँटिजेन किंवा पीसीआर करा, तेही शक्यतो मेट्रोनिडाझोल सुरू होण्याआधी.

अँटिबॉडी वर्षानुवर्षं टिकते. जिथे हा संसर्ग सर्रास आढळतो तिथल्या माणसात पॉझिटिव्ह रिपोर्ट जुन्या आजाराचाही असू शकतो. म्हणून उपचार लागू पडला का, हे अँटिबॉडीवरून ठरवू नये. त्यासाठी आधी मेट्रोनिडाझोलनंतर पॅरोमोमायसिन किंवा डायलोक्सानाइड देऊन आतड्यातल्या सिस्टचा बंदोबस्त झाला आहे का ते पाहावं, मग ताज्या शौचाची अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी करावी. पीसीआर उपचारानंतर लगेच केला तर मेलेल्या अमीबाचा डीएनएही पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे मध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत.