कंपनीचा एअर बॉक्स, उघडा कोन की घरी बनवलेला बंद कोल्ड एअर इनटेक: १.२ लिटर पेट्रोलसाठी काय निवडावं?

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक आहे असं धरू. समोर तीन पर्याय आहेत. कंपनीचा एअर बॉक्स (हवेचा फिल्टर ज्यात असतो ती पेटी) तसाच ठेवून नवा कागदी फिल्टर घालायचा, बॉक्स काढून थेट पाइपावर उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर बसवायचा, किंवा कोनाभोवती बंद पेटी करून त्यात बाहेरची हवा आणायची. तिसरा पर्यायच खरा कोल्ड एअर इनटेक. दुसऱ्यालाही तेच नाव लावलं जातं, पण तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो.

आधी हिशोब. ६० अंशांऐवजी ४० अंशांची हवा मिळाली तर ती ३३३ भागिले ३१३, म्हणजे साधारण ६ टक्के दाट असते. सगळं जमून आलं तरी ताकद त्यापेक्षा जास्त वाढत नाही. मुंबईतली गाडी पुण्याला नेली की केवळ उंचीमुळे जवळपास तेवढीच हवा कमी होते, यावरून या फायद्याचा आवाका कळतो. शिवाय कंपनीच्या बॉक्सचं तोंड बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या वर किंवा हेडलाइटमागे असतं. ते आधीच बाहेरची हवा घेतं.

म्हणून काही विकत घेण्याआधी दोन मापं घ्या. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीने दहा मिनिटं चालवा आणि शेजारच्याला इनटेकचं, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं, तापमान वाचायला सांगा. ते बाहेरच्यापेक्षा १० अंशांच्या आत असेल, तर थंड हवेतून मिळण्यासारखं ३ टक्क्यांच्या आसपासच उरतं. दुसरं माप अडथळ्याचं. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात बांधा, दोन्ही बाजू एकेक मीटरच्या ठेवा आणि निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक फिल्टरनंतरच्या स्वच्छ बाजूला जोडा, दुसरं उघडं ठेवा. सुरक्षित जागी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून जास्तीत जास्त आरपीएमला दोन्ही पातळ्यांतला फरक बघा. १०० मिमी फरक म्हणजे १ किलोपास्कल, म्हणजे साधारण १ टक्का हवा कमी. फरक मोठा आला तर आधी फिल्टर बदलून पुन्हा मोजा. पुष्कळदा दोष नुसत्या तुंबलेल्या फिल्टरचा असतो.

मायलेजसाठी यातलं काहीही करू नका. रोजच्या चालवण्यात हवा थ्रॉटलच (अॅक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदा) अडवत असतो. हवा दाट झाली की तेवढ्याच वेगासाठी तो थोडा आणखी मिटतो, पेट्रोल तेवढंच लागतं.

उघडा कोन स्वस्त, तासाभरात बसणारा आणि आवाजाला दमदार. पण ट्रॅफिकमध्ये तो बॉनेटखालचीच हवा ओढतो, आणि मूळ पाइपाची लांबी व रेझोनेटर (पाइपाला जोडलेली पोकळ डबी) गेल्यावर खालच्या आरपीएमचा जोर कमी होऊ शकतो. कोन बहुधा तेल लावलेल्या कापडाचा असतो, आणि अशा कापडी फिल्टरमधून कागदापेक्षा जास्त बारीक धूळ आत जाते. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला आम्ही तो सुचवणार नाही.

बंद पेटी करायचीच असेल तर नीट करा. पाइप ६३ मिमी आतल्या व्यासाचा पुरतो: ६००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा ओढतं, आणि ६३ मिमीमधून ती १६ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. ७६ मिमीचा पाइप इथे नुसती जागा अडवतो. प्लंबिंगचा पीव्हीसी टाळा. ७५–८० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो आणि एक्झॉस्टजवळ क्लॅम्पखाली दबून तिथून हवा शिरते. अॅल्युमिनियमचा पाइप घ्या, दोन्ही टोकांना सिलिकॉन कपलर (लवचीक जोडनळ्या) लावा. इंजिन माउंटवर हलतं, त्यामुळे कडक जोड दिला तर प्लास्टिकच्या थ्रॉटल बॉडीला तडा जातो. पाइपाला रबर बुशवर एक ब्रॅकेट द्याच. पेटी १.५ मिमी अॅल्युमिनियम पत्र्याची, पॉप रिव्हेटने जोडलेली; वरच्या कडेला रबर बीडिंग असं की बॉनेट बंद केल्यावर ते दबेल. ही कड नीट बसली नाही तर पेटी असून नसल्यासारखी. बाहेरची हवा मूळ तोंडाच्याच उंचीवरून आणा.

सेन्सरवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. मॅफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असेल तर त्याचं मूळ घर जसंच्या तसं वापरा. मोठ्या व्यासात तो हवा कमी मोजतो, मिश्रण पातळ होतं आणि पी०१७१ हा बिघाडाचा कोड येतो. त्याच्या आधी निदान १० सेमी सरळ पाइप ठेवा. कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते मॅफच्या तारेवर बसतं. हवेच्या तापमानाचा सेन्सर लोंबकळत किंवा सुटा सोडू नका. सुटल्यावर ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) उणे ४० अंश दिसतात आणि पी०११३ येतो. क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या पोकळीची) ब्रीदर नळी फिल्टर आणि थ्रॉटलच्या मध्येच जोडायची, मॅफ असेल तर मॅफच्या पुढे थ्रॉटलकडे. ती हवेत उघडी सोडली तर न मोजलेली हवा आत शिरते.

फिल्टर बंपरच्या मागे खाली बसवायचा मोह होतो, कारण तिथली हवा खरंच थंड असते. मुंबई-कोकणात हे करू नका. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ३०० घनसेंमी आणि कॉम्प्रेशन ११:१ धरलं, तर पिस्टन वर आल्यावर शिल्लक जागा फक्त ३० मिली असते. त्याहून जास्त पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दबत नाही. साध्या विमा पॉलिसीत सहसा हे नुकसान धरलेलं नसतं. केलेला बदल विमा कंपनीला कळवणं वेगळंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करू देत नाहीत.

आमचं मत: तापमानातला फरक १० अंशांच्या आत आणि पाण्याच्या पातळीतला फरक २०० मिमीच्या आत असेल, तर नवा कागदी फिल्टर घाला, बॉक्सच्या झाकणाच्या क्लिपा आणि सील तपासा, तोंडाची निसटलेली नळी परत बसवा आणि थांबा. दोन्ही आकडे मोठे असतील तरच बंद पेटी करा. उघडा कोन फक्त आवाजासाठी घ्यायचा असेल तर तसं मनात स्पष्ट ठेवून घ्या.

पेटी बसवल्यावर तीच दोन्ही मापं पुन्हा घ्या आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा) बघा. शॉर्ट (लगेचचा) आणि लाँग (दीर्घकाळचा) ट्रिम मिळून बेरीज अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर ठीक. अधिक १० च्या वर गेली तर आधी कपलर आणि ब्रीदरच्या जोडातली गळती शोधा. मूळ बॉक्स, क्लिपा आणि बोल्ट एका पिशवीत बांधून जपून ठेवा. वॉरंटीच्या कामाला तेच परत लावावे लागतात.